अठराव्या दिवसानंतर झाकण बंद

पावसाळा लागल्यापासून आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये कोंबड्यांच्या रोगांपेक्षा अंड्यांचेच प्रश्न जास्त आहेत, आणि त्यातलेही बहुतेक शेवटच्या तीन-चार दिवसांचे. कारण उघड आहे. पहिले १७ दिवस अंडी उबवायच्या पेटीत काही घडताना दिसत नाही, म्हणून माणूस स्वस्थ असतो. १८ वा दिवस उजाडला की घरातला प्रत्येक जण काचेला नाक लावून बसतो आणि सगळ्यांचे हात शिवशिवायला लागतात. मी राहते नवी मुंबईतल्या गोठिवलीत. गच्चीवरच्या खोलीत माझी मशीन आहेत. गावठाणातल्या बायका अंडी आणून देतात तशी पलीकडच्या सेक्टरमधली मंडळीही देतात. गावठाणात अंड्यांवर बसणारी खुडूक कोंबडी असते, सेक्टरमध्ये ऑनलाइन मागवलेली पेटी. पिल्लू निघायला लागणारे २१ दिवस दोन्हीकडे सारखेच. तेव्हा यंदाचं सदर सगळं याच विषयाला दिलं आहे.

पहिल्यांदाच छोटी पेटी घेतली आहे. गावठी अंडी ठेवली आहेत. सोबतच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दोन्ही खाचांत रोज पाणी भरतो. आर्द्रतेचा मीटर ७५ ते ८० दाखवतो. आज १६ वा दिवस. १८ व्या दिवसापासून आर्द्रता वाढवायची असते म्हणतात. आता आणखी किती वाढवू?
एक वाचक, उलवे

वाढवू नका, आधी पाणी काढा. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच. दोन्ही खाचा कोरड्या करा आणि हवेची भोकं पूर्ण उघडा.

पुस्तिका लिहिणाऱ्याने जुलैतली उलव्याची खाडी पाहिलेली नाही. बाहेर २८ डिग्री आणि आर्द्रता ९० टक्के असते तेव्हा तीच हवा पेटीत जाऊन ३७.५ डिग्रीला तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० च्या थोडी वर येते. गरम हवेत पाणी मावायला जागा जास्त, म्हणून टक्का उतरतो. आणि पहिले १८ दिवस अंड्याला नेमकी तेवढीच हवी असते, ५० ते ५५. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात सुरुवातीचे १८ दिवस पेटीत थेंबभर पाणी न घालता काम होतं. मे महिन्यातही फार वेगळं नसतं, कारण खाडीकाठची उन्हाळी हवाही दमटच. पाणी भरायचं ते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा बाहेरची कोरडी थंड हवा आत तापून २०-२५ टक्क्यांवर येते आणि अंडी सुकायला लागतात. एकच पेटी, एकच माणूस, पण जुलैचा नियम जानेवारीला लावला की पिल्लं जातात.

तुमच्या पेटीत झालंय काय ते टॉर्च लावून बघा. अंधारात अंड्याच्या बोथट टोकाला उजेड धरला की तिथली हवेची पोकळी दिसते. १८ व्या दिवशी ती अंड्याच्या पाव भागापेक्षा मोठी, जवळजवळ एक तृतीयांश असायला हवी. तुमची लहान निघेल असं मला वाटतं. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू बाहेर जायला हवं. १८ दिवसांत वजनाच्या साधारण १२-१३ टक्के गेलं तर बरोबर. ५० ग्रॅमचं अंडं ४४ च्या आसपास आलं पाहिजे. दागिन्यांचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, फक्त अंडी ठेवताना पहिलं वजन लिहून ठेवलेलं हवं. पाणी गेलंच नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होतं, त्याला आत वळायला जागा उरत नाही, आणि पहिला श्वास घ्यायला चोच वर काढली की हवेऐवजी नाकात ओल जाते. २१ व्या दिवशी पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यात मेलेलं सापडतं ते बरेचदा यामुळे. लोक म्हणतात ‘शेवटी दमट कमी पडलं’. प्रत्यक्षात आधीचे १८ दिवस दमट जास्त झालेलं असतं.

आता दोन दिवसांत जेवढं सुकेल तेवढं सुकू द्या. १८ व्या दिवशी अंडी फिरवणं बंद करा, फिरवणारा ट्रे काढून जाळीवर खाली आडवी ठेवा. त्या दिवशीही लगेच पाणी घालू नका. पहिल्या अंड्याला टवका, म्हणजे पिल्लाने आतून चोच मारून पाडलेलं भोक, दिसला की मग एका खाचेत कोमट पाणी घाला, ६५ ते ७० वर आणा आणि तिथेच थांबा.

आणि तो मीटर एकदा तपासा. स्वस्त मीटर दहा-दहा टक्के खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी टाका, विरघळवू नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात रात्रभर बंद ठेवा. सकाळी काटा ७५ वर हवा, कारण ओल्या मिठावरची बंद हवा तिथेच स्थिरावते. ८२ दाखवत असेल तर समजा मीटर सात पुढे आहे. तापमानासाठी ताप मोजायचा थर्मामीटर वापरा. कोमट पाण्याच्या वाटीत तो आणि पेटीचा सेन्सर शेजारी शेजारी धरला की खरं-खोटं कळतं.

काल रात्री नऊला एका अंड्याला चोच मारलेली दिसली. आज दुपारचे बारा वाजले, अजून तेवढंच भोक आहे. पिल्लू ओरडतंय. घरचे म्हणतात, फोडून काढ, नाहीतर गुदमरेल. काय करू?
एक गृहिणी, बाळकुम, ठाणे

ताई, तुमचा मेसेज आला तेव्हाच ‘थांबा’ एवढं उत्तर पाठवलं होतं. बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते, कारण दर हंगामात हा प्रश्न येतो आणि दर हंगामात घाईने फोडलेली अंडी माझ्याकडे कोणीतरी टिशू पेपरमध्ये गुंडाळून घेऊन येतं.

भोक पडलं म्हणजे पिल्लू गुदमरत नाही, उलट आता त्याला बाहेरची हवा मिळू लागली. त्याच्या आधीच, १९ व्या-२० व्या दिवशी, त्याने आतल्या पडद्यातून चोच हवेच्या पोकळीत काढलेली असते. तिथली हवा पुरत नाही तशी मान आखडून ते कवचावर टोचा मारतं. पहिल्या टवक्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. त्या वेळात आत मोठी उलाढाल चालू असते. तोवर श्वासाचं काम कवचालगतच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या करत होत्या. ते आता फुप्फुसांकडे जातं. पडद्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात ओढलं जातं. उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात घेतला जातो. या वेळात कवच काढलं तर भरलेल्या रक्तवाहिन्या तुटतात, बलकाची पिशवी बाहेर लोंबते, आणि जे पिल्लू संध्याकाळी स्वतः निघालं असतं ते दुपारी आपल्या हातात जातं.

म्हणून १५ तास झाले म्हणजे काहीच झालं नाही. ओरडणारं पिल्लू जिवंत आहे. दमून झोपतं, पुन्हा ओरडतं. एकदा ते गोल फिरून कवच कापायला लागलं, बोथट टोकाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने, की पुढचं काम तासा-दोन तासांत उरकतं.

मग हात कधी लावायचा? माझं मत काहींना कडक वाटेल. पहिल्या टवक्याला पूर्ण २४ तास झाले आणि काही पुढे सरकलं नाही, किंवा कापायला सुरुवात करून मधेच तीन-चार तास अडकलं, आणि भोकातून दिसणारा पडदा पांढरा-ओलसर न राहता पिवळट, सुकलेल्या कातड्यासारखा झाला, तरच. हात धुवा, खोलीतला पंखा बंद करा, कान साफ करायच्या काडीचा कापूस कोमट पाण्यात बुडवून पिळून घ्या आणि पडदा ओला करा. नाकपुडीजवळ पाणी नेऊ नका. भोकाच्या कडेने कवचाचे छोटे तुकडे नखाने उचला, फक्त बोथट टोकाच्या बाजूने. ओल्या पडद्यात लाल रेघ दिसली की तिथेच थांबा, अंडं पेटीत परत ठेवा आणि चार-पाच तास विसरा. रक्त दिसत नसेल तर टोपीएवढं कवच काढून बाकीचं पिल्लावर सोडा. शेवटची लाथ त्याचीच असली पाहिजे. बेंबी मिटली आहे की नाही हे त्याला कळतं, आपल्याला बाहेरून कळत नाही.

टवका टोकदार बाजूला पडला असेल तर ते पिल्लू आत उलटं आहे. तिकडे हवेची पोकळी नसते, त्यामुळे धोका जास्त, पण अशीही बरीच निघतात. ते भोक वरच्या बाजूला राहील असं अंडं ठेवा आणि नजर ठेवा, बस.

ओढून काढलेल्यांतली काही दोन दिवसांत जातात, काहींचे पाय अधू राहतात. हे आधी माहीत असलेलं बरं. आमच्या सासूबाई तर कोंबडीखालच्या अंड्याला कधीच हात लावू देत नसत. ‘ज्याला यायचं ते येईल’ म्हणायच्या. मी इतकी कठोर नाही. पण घाईला माझ्याकडे माफी नाही.

माझ्या पेटीत कालपासून ‘चिव चिव’ आवाज येतोय, पण एकाही अंड्याला तडा नाही. पिल्लू बंद अंड्यात कसं ओरडतं? त्याला हवा कुठून मिळते? मी रात्री सगळे झोपल्यावर झाकण उघडून अंड्याला कान लावला.
इयत्ता सातवी, ऐरोली

तुझं नाव मुद्दाम छापलं नाही, शेवटचं वाक्य घरी वाचतील म्हणून.

बाळा, उकडलेलं अंडं सोलताना बोथट टोकाला खळगा दिसतो ना? तीच हवेची पोकळी. पिल्लू आतला पडदा फोडून चोच तिच्यात काढतं आणि आयुष्यातला पहिला श्वास घेतं. फुप्फुसात हवा आली की आवाजही येतो. कवच आपल्याला दगडासारखं बंद वाटतं, पण त्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. त्यातून २१ दिवस प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. शेवटी पिल्लू एवढं मोठं होतं की ती छिद्रं कमी पडतात. हवा कोंदली की मानेमागचा एक स्नायू उसळतो आणि चोच कवचावर आपटते. हा स्नायू त्या दिवसांपुरताच जाडजूड झालेला असतो. चोचीच्या शेंड्यावर पांढरा टणक दाणा असतो, त्याने कवच फुटतं. तू पिल्लू हातात घेशील तेव्हा तो दाणा बघून ठेव, काही दिवसांत गळून पडतो.

तडा आज-उद्या दिसेल. कोंबडीखाली असतं तर या आवाजाला तिने हलक्या घोगऱ्या आवाजात उत्तर दिलं असतं. तूही काचेबाहेरून बोल, ते चालेल. झाकण उघडणं चालणार नाही. ओला पडदा कोरड्या हवेत आवळतो आणि पिल्लाला आत फिरताच येत नाही. पावसाळ्यात आपली हवा दमट आहे म्हणून एखाद्या वेळी निभावतं. हाच उद्योग तू जानेवारीत केलास तर निभावणार नाही.

१९ व्या रात्री आमच्याकडे तीन तास वीज नव्हती. पेटीचं तापमान ३२ पर्यंत उतरलं. अंडी टाकून द्यायची का?
एक वाचक, दिवा

अजिबात नाही. २३ व्या दिवसापर्यंत एकही अंडं टाकू नका. १९ व्या दिवसाचं पिल्लू स्वतःच्या अंगाची ऊब तयार करतं, भरलेल्या पेटीत तर अंडी एकमेकांना ऊब देतात. तीन तासांच्या गारव्याने फार तर निघायला अर्धा-एक दिवस उशीर होईल.

शेवटच्या दिवसांत मला गारव्याची भीती कमी आणि कोंदण्याची जास्त वाटते. वीज गेली की पंखा थांबतो, आत वरचा थर गरम आणि खालचा गार होतो, आणि सगळी पिल्लं याच वेळी सर्वांत जास्त हवा खात असतात. लोक घाबरून पेटीवर दोन-दोन गोधड्या टाकतात आणि भोकं झाकली जातात. गोधडी टाका, पण भोकं मोकळी ठेवा. तासाभराच्या वर वीज गेली तर दर अर्ध्या-पाऊण तासाने झाकण बोटभर वर करून क्षणभर हवा बदला. झाकण बंद ठेवायच्या नियमाला मी देते ती एवढीच सूट. थंडीत पाण्याच्या बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून अंड्यांच्या बाजूला ठेवा, वर नको. आत मेणबत्ती, पणती, निखारा यातलं काहीही ठेवू नका. त्याचा धूर पिल्लांचा जीव घेतो.

वीज परत आल्यावर लगेच झोपायला जाऊ नका. साधे थर्मोस्टॅट भरपाई करायच्या नादात ३९-४० वर उसळी मारतात. उतरलेल्या ३२ पेक्षा ही उसळी वाईट. तुमच्याकडे वीज जाणं नवीन नसेल तर घरच्या इन्व्हर्टरवर पेटी लावा. लहान पेटी शंभर वॉटच्या आतबाहेर खाते, चांगल्या अवस्थेतली मोठी बॅटरी रात्र सहज काढते.

आमच्या कोंबडीने ११ अंड्यांवर बसून आठ पिल्लं काढली. आज ती पिल्लांना घेऊन उठली. तीन अंडी टोपलीत तशीच. तिला परत बसवलं तर बसत नाही, चोची मारते.
एक आजी, करावे गाव

आजी, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पिल्लं काढली असतील, तरी विचारलंत म्हणून सांगते. तिला जबरदस्ती करू नका. पहिलं पिल्लू निघाल्यावर खुडूक कोंबडी एक-दोन दिवस वाट बघते. तोवर पिल्लं पोटात घेतलेल्या बलकावर काढतात, त्यांना दाणा-पाणी लागत नाही. मग आधीच्यांना भूक लागते आणि ती उठते. आठांसाठी तीन सोडते, तिचा हिशेब बरोबर आहे.

आज संध्याकाळीच तिन्ही अंडी टॉर्चवर बघा, उद्यावर टाकू नका. पोकळीत चोचीची सावली हलत असेल किंवा टवका पडला असेल तर ते अंडं दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली रात्री हळूच सरकवा, नाहीतर कोणाच्या पेटीत द्या. करावे ते गोठिवली फार लांब नाही, मऊ फडक्यात गुंडाळून नातवाच्या हाती पाठवलंत तरी मी ठेवून घेईन. आरपार उजेड दिसला तर अंडं वांझ. आत पाणी डुचमळतंय आणि वास येतोय तर ते लांब नेऊन पुरा, घरात फुटू देऊ नका.

माझा संशय वेगळाच आहे. ही तीन अंडी बहुतेक दुसऱ्या कोंबडीने त्याच टोपलीत नंतर घातलेली असतील, म्हणजे त्यांचे दिवसच भरले नसतील. बसवताना सगळ्या अंड्यांवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि रोज संध्याकाळी ती दाणे खायला उठली की बिनरेघेचं अंडं उचलायचं. विजेच्या कडकडाटाने अंडी जाऊ नयेत म्हणून टोपलीत खिळा ठेवल्याचंही तुम्ही लिहिलंय. ठेवा. त्याचा उपयोग होतो असं मी म्हणणार नाही, पण अंड्यांना टोचणार नाही असा ठेवा.

व्हिडिओत दाखवतात की १८ व्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडायची, हलली तर जिवंत. करावं का?
कळवा

नको. टॉर्चने जे कळतं त्यासाठी अंडं भिजवायचं कशाला? कवचावरचा नैसर्गिक लेप धुतला जातो, घाण छिद्रांतून आत जाते, आणि बारीकसा तडा नजरेतून सुटला असेल तर पिल्लू बुडून मरतं.

आमची पिल्लं १९ व्या दिवशीच निघाली. लहान आहेत, काहींच्या बेंबीला ओली खपली आहे. शेजाऱ्यांची २३ व्या दिवशी निघाली. दोघांची पेटी एकाच कंपनीची.
घणसोली

पेटी एक असली तरी थर्मामीटर दोन आहेत. तुमचा कमी दाखवतोय, म्हणजे आत खरं तापमान जास्त होतं. शेजाऱ्यांचं उलट. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ ते ३७.८ हवं. बिनपंख्याच्या थर्माकोलच्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून ३८.५ च्या आसपास. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लांच्या उबेने काटा स्वतःहून चढतो, तेव्हा अर्धा डिग्री खाली केलेला बरा. ओल्या बेंबीवर पोव्हिडोन आयोडीनचा थेंब लावा आणि ती पिल्लं वेगळ्या, स्वच्छ कापडावर ठेवा. बेंबीतून जंतू शिरला तर पोट फुगून पिल्लू जातं.

निघालेली पिल्लं पेटीतून कधी काढायची? पहिलं पाणी गुळाचं द्यायचं का?
खारघर

पिसं सुकून कापसासारखी फुलली की काढायची, त्याआधी नाही. निघालेली पिल्लं पेटीत २४ तास आरामात राहतात. त्यांच्या ओरडण्याने बाकीच्यांना जोर येतो असा माझा अनुभव आहे. एकेक काढत बसून दर तासाला झाकण उघडण्यापेक्षा सुकलेल्यांचा एक गट एकदाच काढा. तेवढ्यात कोणाचा टवका नुकताच मोठा होत असेल तर तेही पुढे ढकला.

खाली वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि दोन दिवसांत ते तसेच राहतात. पेटीत जाळी किंवा खडबडीत कापड आणि बाहेर आल्यावर भाताचा तूस, त्यावर पहिले एक-दोन दिवस जाडसर गोणपाट. बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री, नंतर दर आठवड्याला तीन-तीन डिग्री कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर गार आहे, कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर गरम.

पहिलं पाणी कोमट, त्यात थोडा गूळ, फक्त पहिल्या काही तासांपुरता. दिवसभर गोड पाणी ठेवलं तर हगवण लागते आणि मुंग्याही. एकेकाची चोच हलकेच पाण्याला लावा. पाणी प्यायल्यावर मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी चालेल, पण दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्यच द्या, नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे रानीखेतची लासोटा लस डोळ्यात थेंबाने. ती बर्फात आणावी लागते, म्हणून शेजारपाजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकच बाटली आणा आणि त्याच दिवशी संपवा. खारघरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत वाढवणार असाल तर सोसायटीला आधी विचारा. पिल्लांचा कोणाला त्रास नसतो, कोंबडा पहाटे चारला बांग देऊ लागला की असतो.

हॅच झाल्यावर पेटी फॉर्मलीनने धुरी देऊन साफ करायची का?
डोंबिवली

घरात फॉर्मलीन आणू नका. तो धूर डोळे आणि छाती जाळतो. ते मोठ्या हॅचरीचं काम आहे. कवचं आणि पिसांचा भुगा तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने काढा, कोरडं झाडू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, मोटर आणि वायर वाचवून. मग ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसा आणि उन्हात दिवसभर उघडी ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पेटी रिकामी चालू करून सुकवा. लगेच दुसरी अंडी लावायची असली तरी यात टाळाटाळ नको. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हा आसपासचे हजारो पक्षी मारावे लागले. परगावची अंडी, परगावचे ट्रे घरी आणताना ते लक्षात असू द्या. कागदी ट्रे परत वापरूच नका.

वाशीच्या दुकानातून आणलेली ‘गावरान’ अंडी पेटीत ठेवली तर पिल्लं निघतील का?
वाशी

कळपात कोंबडा होता की नाही यावर ते ठरतं, आणि दुकानदाराला ते माहीत नसतं. पांढरी अंडी लेयर फार्मची, म्हणजे फक्त खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली, तिथे कोंबडा ठेवतच नाहीत, म्हणून ती नक्कीच वांझ. खरी गावरान असली तरी किती दिवसांची, फ्रीजमध्ये होती का, धुतली होती का, काही कळत नाही. ठेवायची अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, टोकदार बाजू खाली करून गार जागी ठेवलेली हवीत. गावठाणात कोंबडा पाळणाऱ्या एखाद्या घरी ओळख काढा. दुकानातल्यांची भुर्जी करा.

पुढच्या अंकात पिल्लांचा पहिला महिना घेणार आहे. प्रश्न पाठवताना पेटी पंख्याची की बिनपंख्याची, घरात कुठे ठेवली आहे आणि कोणता दिवस चालू आहे, एवढं लिहाच. ‘पिल्लं मरतात, उपाय सांगा’ एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.